78 हजार किमीची गाडी की 19 हजार किमीची?

प्रश्न: मी पुण्यात नोकरी करतो आणि महिन्यातून एक-दोनदा कराडला घरी जातो. बरीच वर्षे पैसे साठवून आता जुनी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस 230 घ्यायचे ठरवले आहे. दोन गाड्या पाहिल्या. दोन्ही 2018 च्या सुरुवातीच्या, दोन्ही एमएच पासिंगच्या. पहिली मुंबईत एका डीलरकडे आहे. मीटरवर 19,000 किमी, दोन मालक होऊन गेलेले, सर्व्हिस बुक ‘हरवले आहे’ असे तो सांगतो. दुसरी सांगलीत मूळ मालकाकडेच आहे. ती 78,000 किमी चालली आहे आणि बिलांची फाइल जाडजूड आहे, पण मधली दोन वर्षे गाडीवर ‘स्टेज वन’ रीमॅप (इंजिनाची ताकद वाढवणारे बदललेले सॉफ्टवेअर) होता आणि नंतर तो काढून मूळ सॉफ्टवेअर परत टाकले, असे मालकाने आपणहून सांगितले. मुंबईची गाडी साडेतीन लाखांनी महाग आहे. वडील म्हणतात, कमी चाललेलीच घे. मित्र म्हणतात, असल्या गाड्या 60 हजारांनंतर खर्चात पाडतात. रनिंगला नेमके किती महत्त्व द्यावे?
— एक वाचक, पुणे

उत्तर: पत्रातील माहितीवरून सांगायचे तर तुमच्या जागी मी असतो तर सांगलीची गाडी आधी तपासायला नेली असती. मुंबईच्या गाडीचे 19,000 किमी कागदोपत्री सिद्ध होत नाहीत तोवर त्या आकड्यापोटी एक रुपयाही जास्त मोजला नसता. तुमच्या वडिलांचा सल्ला चुकीचा आहे असे मात्र समजू नका. साध्या पेट्रोल हॅचबॅकच्या बाबतीत, मालक ओळखीचा असेल आणि मीटरबद्दल शंका नसेल, तर कमी चाललेली गाडी घेणे हेच शहाणपणाचे असते. आरएससारख्या ताकदवान, परफॉर्मन्स गाडीत त्या सल्ल्याला जोडलेल्या अटी पूर्ण होतातच असे नाही, म्हणून तो जसाच्या तसा लागू पडत नाही.

ही गाडी भारतात 2017 मध्ये आली आणि मोजक्याच संख्येने विकली गेली. 1,984 सीसीचे टर्बो पेट्रोल इंजिन, 230 पीएस ताकद, 350 न्यूटन मीटर टॉर्क, तेलात बुडालेल्या क्लचचा सहा गिअरचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स, आणि ही सगळी ताकद फक्त पुढच्या दोन चाकांवर. अशा गाडीची झीज चार गोष्टींनी होते: ती किती अंतर चालली, किती वेळा थंड इंजिनावर सुरू झाली, किती वेळा तिला पूर्ण जोर लावला गेला आणि किती वर्षे लोटली. मीटर यांपैकी फक्त पहिली गोष्ट मोजते. उरलेल्या तिन्हींचा अंदाज आपल्याला कागदांवरून, गाडीच्या अंगावरच्या खुणांवरून आणि मालकाशी बोलून बांधावा लागतो. परफॉर्मन्स गाडीत नेमक्या याच तीन गोष्टी पुढे खर्च काढतात.

थोडा हिशेब मांडून पाहू. दोन्ही गाड्यांचे वय साडेसात वर्षांच्या आसपास धरले, तर मुंबईची गाडी वर्षाला सुमारे 2,500 किमी, म्हणजे महिन्याला 210 आणि दिवसाला सात किमी चालली. सांगलीची गाडी वर्षाला 10,400 किमी चालली आणि खासगी गाडीच्या मानाने हे अगदी सर्वसाधारण रनिंग आहे. आता मुंबईच्या गर्दीत सरासरी वेग ताशी 15 किमी धरला, तर 19,000 किमीसाठी इंजिन जवळपास 1,270 तास चालले. सांगलीची गाडी बहुतांशी हायवेवर ताशी 50 च्या सरासरीने गेली असे मानले, तर तिचे तास होतात 1,560. म्हणजे मीटरवर चौपट दिसणारा फरक इंजिनाच्या तासांत मोजला की चौथाईहूनही कमी उरतो. शिवाय सात-सात किमीच्या फेऱ्यांसाठी इंजिन सुमारे 2,700 वेळा थंड सुरू झाले असणार, आणि त्यातल्या बऱ्याच वेळा तेल पुरते तापण्याआधीच बंदही झाले असणार. पाणी पाच-सात मिनिटांत 90 अंशांवर येते, पण तेलाला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या टर्बो इंजिनात थंड अवस्थेत थोडे पेट्रोल तेलात उतरते. तेल रोज नीट तापले तर ते उडून जाते आणि न तापल्यास साठत राहून तेल पातळ करते. हायवेवर दोन-दोन तास एका लयीत चालणाऱ्या इंजिनाला हा त्रास जवळजवळ नसतो.

वरचे 15 आणि 50 हे माझे अंदाज आहेत, गाडीगणिक ते बदलतील. मुंबईची गाडी कदाचित रोज चालतच नसेल, रविवारी पहाटे एकदा एक्स्प्रेसवेवर जाऊन येत असेल आणि बाकी दिवस झाकून ठेवली जात असेल. तसे असेल तर थंड सुरुवातींचा प्रश्न कमी होतो, पण उभ्या गाडीचा प्रश्न वाढतो. रबराची सील वाळतात, ब्रेकच्या कॅलिपरमधल्या पिना गंजून घट्ट बसतात, एसीचा गॅस निसटतो, टायर एका जागी चपटे होतात आणि पावसाळ्यात बॉनेटखाली उंदीर वायरिंग कुरतडतात. समुद्राजवळच्या सोसायटीत तळमजल्यावर साडेसात पावसाळे उभ्या राहिलेल्या गाडीचे खालचे अंग जॅकवर घेऊन पाहिल्याशिवाय तिला कमी वापरलेली म्हणू नये.

म्हणूनच कमी रनिंगच्या गाडीत सर्व्हिसची नोंद जास्त महत्त्वाची ठरते आणि नेमकी तीच मुंबईच्या गाडीत गायब आहे. या गाडीची नियमित सर्व्हिस 15,000 किमी किंवा एक वर्ष, जे आधी होईल तेव्हा करायची असते. 19,000 किमी चाललेल्या गाडीला किलोमीटरच्या हिशेबाने एकच सर्व्हिस लागते, पण वर्षांच्या हिशेबाने सात. ‘साहेब, गाडी चाललीच नाही, तेल कशाला बदलायचे?’ हे वाक्य तुम्हाला त्या डीलरकडे ऐकायला मिळाले, तर चार वर्षे जुन्या तेलावर टर्बो फिरत होता असा त्याचा अर्थ घ्या. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलावे लागते, कारण ते हवेतली आर्द्रता शोषते. त्याचा किलोमीटरशी काहीच संबंध नाही.

आता मूळ शंकेकडे येऊ: 19,000 हा आकडा खरा आहे का? मीटर मागे करणे हा प्रकार आजकाल स्क्रू ड्रायव्हरचा राहिलेला नाही. डॅशबोर्डखालच्या ओबीडी सॉकेटला (तपासणीची यंत्रे जोडायच्या जागेला) यंत्र लावून काही मिनिटांत हे काम होते आणि बाहेरून एकही खूण राहत नाही. ब्रिटनमध्ये गाडीच्या नंबरावरून दर वर्षीच्या एमओटी नावाच्या सक्तीच्या तपासणीत नोंदलेले मीटर रीडिंग कोणालाही फुकट पाहता येते. बेल्जियममध्ये 2006 पासून जुनी गाडी विकताना कार-पास नावाचा रीडिंगचा दाखला द्यावा लागतो. आपल्याकडे सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर नोंदणीची तारीख, कितवा मालक, विमा आणि बँकेचा बोजा एवढे कळते, रनिंगचा सार्वजनिक इतिहास मात्र मिळत नाही. तो आपल्याला तुकड्यातुकड्यांनी जमवावा लागतो.

पहिला तुकडा अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये असतो. बुक हरवले तरी चासिस नंबरावर कंपनीच्या यंत्रणेतली नोंद हरवत नाही. प्रत्येक भेटीची तारीख आणि त्या दिवशीचे रीडिंग तिथे असते. ही माहिती सेंटर सहसा आरसीवरच्या मालकालाच देते, म्हणून डीलरला शेवटच्या मालकाकडून लेखी संमती किंवा ई-मेलवर आलेला इतिहास मागा. चांगला डीलर एका दिवसात आणून देईल. जो टाळाटाळ करील त्याच्याशी पुढे बोलण्यात अर्थ नाही. दुसरा तुकडा विम्यात असतो. पॉलिसीची मुदत संपून खंड पडला असेल, तर नवी पॉलिसी देताना विमा कंपनी गाडीची पाहणी करते आणि त्या फोटोंत मीटरचाही फोटो असतो. किलोमीटरवर हप्ता ठरवणारी जी विमा योजना 2022 पासून मिळू लागली, ती कोणत्याही मालकाने घेतली असेल, तर तिथेही तारखेनिशी रीडिंग दिलेले असते. क्लेम झाला असेल तर सर्व्हेअरच्या अहवालात ते सापडते.

तिसरा तुकडा फारसे कोणी मागत नाही, पण तो सर्वांत बोलका असतो. डिसेंबर 2017 नंतर विकल्या गेलेल्या नव्या गाड्यांना फास्टॅग सक्तीचा झाला आणि फेब्रुवारी 2021 पासून तो टोलनाक्यांवर सगळ्यांनाच लागू झाला. फास्टॅगच्या खात्यात कुठला नाका, कोणती तारीख, किती वाजता, हे सगळे ओळीने येते. सांगलीच्या मालकाला त्याचे स्टेटमेंट मागा. सांगलीहून पेठ नाक्यावर हायवेला लागून पुण्याला येताना तासवडे, आनेवाडी आणि खेड शिवापूर हे तीन नाके लागतात आणि एका बाजूचे अंतर 235 किमीच्या आसपास भरते. महिन्यात अशा दोन फेऱ्या असतील, तर तेवढ्यानेच 900 किमीच्या वर होतात आणि 78,000 चा हिशेब त्यातच संपून जातो. मग हीच गाडी सांगलीत रोज ऑफिसलाही जात होती असे तो म्हणाला, तर 78,000 हा आकडासुद्धा कमी वाटायला हवा. मीटर फक्त कमी चाललेल्या गाडीचेच मागे केलेले असते असा समज करून घेऊ नका. सव्वा लाखाचे 78 हजार करणे हे 50 हजारांचे 19 हजार करण्याइतकेच सोपे आहे, आणि कुणाला संशयही येत नाही. मुंबईच्या गाडीसाठीही हेच करा: खालापूर आणि तळेगावच्या नाक्यांवर ती महिन्याला किती वेळा दिसते ते पाहा. महिन्याला 210 किमी चाललेल्या गाडीची मुंबई-पुण्याची एक फेरी झाली की तिचा त्या महिन्याचा कोटा संपून जातो.

यानंतर स्वतंत्र मेकॅनिककडे स्कॅनर लावून घ्या. फोक्सवॅगन समूहाच्या गाड्यांवर काम करणारा आणि व्हीसीडीएस किंवा ओबीडीइलेव्हन असे यंत्र बाळगणारा मेकॅनिक पुण्या-मुंबईत सहज मिळतो. त्याला नुसते ‘एरर आहे का बघ’ असे सांगू नका. प्रत्येक मॉड्यूलमध्ये (गाडीच्या वेगवेगळ्या भागांच्या छोट्या संगणकात) साठवलेला दोष उघडून तो दोष कोणत्या किलोमीटरला नोंदला गेला हे वाचायला सांगा. डॅशबोर्डवरचा आकडा बदलणारा माणूस पुष्कळदा बाकीच्या मॉड्यूलना हात लावत नाही. मग मीटर 19,000 सांगते आणि एअरबॅग किंवा दरवाज्याच्या मॉड्यूलमधला एखादा किरकोळ जुना दोष 54,000 किमीची नोंद दाखवत बसतो. बघायला नेण्याच्या आदल्या दिवशीच सगळे दोष पुसलेले असतील, तर तेही मेकॅनिकला कळते. साडेसात वर्षांच्या जर्मन घराण्यातल्या गाडीत एकही नोंद नसणे हे स्वच्छतेचे लक्षण नव्हे.

गाडीच्या अंगावरच्या खुणा सर्वांत शेवटी पाहाव्यात, कारण आजकाल डिटेलिंगवाले त्या फार सफाईने पुसतात. स्टिअरिंगचे चामडे नव्याने शिवून मिळते, सीट रंगवून मिळते, पेडलचे रबर बदलता येते. पण सगळ्याच गोष्टी कोणी बदलत नाही. ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची उंच कड उतरता-चढता घासली जाते. तिच्या शिवणीत बोट घालून पाहा. ड्रायव्हरचा सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा आणि त्याची किनार लव सुटून विसविशीत झाली आहे का ते शेजारच्या सीटच्या बेल्टशी ताडून पाहा. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात समोरच्या काचेकडे आतून बघा. हायवेवर पुष्कळ चाललेल्या गाडीच्या काचेवर बारीक टिंबांची धूळ बसल्यासारखी दिसते आणि ती पुसून जात नाही.

टायरवर मात्र जरा जास्त वेळ घालवा. या गाडीला 18 इंची चाके आणि 225/40 मापाचे टायर आहेत. टायरच्या भिंतीवर लंबगोल चौकटीत चार अंक असतात. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. 2321 असेल तर तो टायर 2021 च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. मुंबईच्या गाडीचे टायर कंपनीतून आलेलेच आहेत असे सांगितले गेले, तर त्यावर 17 किंवा अगदी 18 च्या सुरुवातीचा अंक असायला हवा. तसा असेल तर रनिंगच्या दाव्याला बळ मिळते, पण ते टायर आता इतके कडक झालेले असतील की गाडी घेतल्याच्या आठवड्यात चारही बदलावे लागतील. अंक 21 चा निघाला, तर जेमतेम नऊ-दहा हजार किमीला टायर का बदलले, हे विचारा. खड्ड्यात आपटून फुगा आला, हे उत्तर अगदी पटण्यासारखे असते, कारण 40 प्रोफाइलचा, म्हणजे बुटक्या भिंतीचा टायर आपल्या रस्त्यांवर सहज मार खातो. पण फुगा एका वेळी एका, फार तर दोन टायरना येतो. चारही टायर एकाच आठवड्याचे असतील, ब्रेकच्या डिस्कही नव्या असतील आणि बिल दाखवता येत नसेल, तर ही गाडी 19,000 किमीची नाही, किंवा असली तरी ते 19,000 किमी फार तापट गेले आहेत. यांपैकी खरे कोणते ते शोधत बसण्याचे कारण नाही, दोन्ही परिस्थितींत साडेतीन लाख जास्त देणे पटत नाही.

तापट वापर हा स्वतंत्र विषय आहे आणि मीटर त्याबाबत पूर्ण मुके असते. ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती होतात, कोइम्बतूर आणि चेन्नईच्या ट्रॅकवर हौशी मंडळी आपापल्या गाड्या नेतात. त्यात गैर काहीच नाही, गाडी त्यासाठीच बनवलेली आहे. पण धावपट्टीवर एका दिवसात उभ्या जागेवरून पूर्ण जोर लावून सुटलेल्या पंधरा-वीस सुरुवाती क्लचला, इंजिनाच्या माउंटिंगला आणि पुढच्या ड्राइव्ह शाफ्टना जेवढ्या महागात पडतात, तेवढे हायवेवरचे हजारो किलोमीटर पडत नाहीत. अशा गाडीच्या डिस्कवर निळसर झाक किंवा केसासारख्या बारीक तडा दिसतात, पुढचे टायर खांद्यावर आतून-बाहेरून वेगवेगळे खाल्लेले असतात आणि पहिल्यातून दुसऱ्या गिअरला जाताना सावकाश ट्रॅफिकमध्ये हलका थरकाप जाणवतो. मालकाला सरळ विचारा. हौशी मालक ही गोष्ट सहसा लपवत नाहीत, उलट कौतुकाने व्हिडिओ काढून दाखवतात. शिवाय या गाड्या देशात थोड्याच असल्याने त्यांच्या मालकांचे वर्तुळ लहान आहे. नंबर सांगितला की कोणी ना कोणी त्या गाडीला ओळखतोच.

आता सांगलीची फाइल. ती जाडजूड आहे याने हुरळून जाऊ नका, वाचून काढा. तारखा आणि किलोमीटर दोन्ही चढत्या क्रमाने जातात का, मधे दीड-दोन वर्षांचा खड्डा आहे का, हे आधी बघा. मग 60,000 किमीच्या आसपासचे बिल शोधा. या सहा गिअरच्या डीएसजीचे तेल आणि फिल्टर 60,000 किमीला बदलायचे असते आणि ‘लाइफटाइम ऑइल आहे’ म्हणून ते टाळणारे मालक पुष्कळ भेटतात. स्पार्क प्लगही साधारण त्याच सुमारास येतात. रीमॅप असेल तर त्याहून लवकर बदललेले बरे. या जातीच्या इंजिनात थर्मोस्टॅट आणि वॉटर पंपाचे प्लॅस्टिकचे आवरण कूलंट झिरपवू लागते, ही ओळखीची तक्रार आहे. ते बदलल्याचे बिल फाइलमध्ये असेल, तर तो गाडीतला दोष न मानता तुमच्या माथ्यावरचा एक संभाव्य खर्च कमी झाला असे समजा.

तुमच्या मित्रांचे 60 हजारांचे म्हणणे याच बिलांतून जन्माला आलेले आहे. गिअरबॉक्सचे तेल, प्लग, ब्रेकच्या डिस्क, सस्पेन्शनचे बुश आणि टायरचा दुसरा संच ही सगळी कामे थोड्याफार फरकाने एकाच सुमारास येतात. ही यादी हातात पडली की बरेच मालक गाडी विकायला काढतात. म्हणून 52 ते 58 हजारांच्या दरम्यान विकायला आलेली गाडी माझ्या नजरेत सर्वांत सावधपणे घ्यायची गाडी असते. तिचा खर्च अजून कोणीच केलेला नसतो, आणि किंमत मात्र ‘60 च्या आतली’ म्हणून चढी असते. 78,000 ची गाडी त्या वळणाच्या पलीकडे गेलेली आहे. आधीच्या मालकाने ती कामे खरोखर केली असतील, तर त्यांचा फायदा तुम्हाला मिळतो. केली नसतील, तर मित्रांचे म्हणणे खरे ठरेल आणि तेवढी रक्कम किमतीतून उतरवून मागावी लागेल.

रीमॅपबाबत घाबरून जाऊ नका आणि दुर्लक्षही करू नका. स्टेज वन म्हणजे यंत्राचा एकही भाग न बदलता नुसते सॉफ्टवेअर बदलणे. त्यात टॉर्क 400 न्यूटन मीटरच्या पुढे नेणे ही सर्रास गोष्ट आहे, आणि तो जास्तीचा भार गिअरबॉक्सचा क्लच, पुढचे टायर आणि टर्बो यांच्यावर पडतो. मूळ सॉफ्टवेअर परत टाकले तरी तोवर झालेली झीज भरून येत नाही. मालकाला विचारा की रीमॅप कोणत्या किलोमीटरला केला, कोणाकडे केला, आणि त्या काळात तेल किती अंतराने बदलले. त्या दोन वर्षांत 15,000 ऐवजी सात-साडेसात हजारांना तेल बदलल्याची बिले निघाली, तर हा माणूस गाडी जाणणारा आहे. उलट त्या काळातलीच बिले फाइलमधून नेमकी गळलेली असतील, तर गाडीकडे वेगळ्या नजरेने पाहावे लागेल. कंपनीच्या यंत्रणेत अशा गाडीवर बदलाची खूण राहिलेली असू शकते, पण वॉरंटी केव्हाच संपली असल्याने तिचा तुम्हाला फारसा तोटा नाही. तरीही मूळ सॉफ्टवेअर खरेच परत आले आहे का, हे स्कॅनच्या वेळी तपासून घ्या. विमा कंपनीला न कळवलेला बदल क्लेमच्या वेळी नडतो.

चालवून पाहताना एकच आग्रह धरा: गाडी रात्रभर उभी असायला हवी आणि तुम्ही पोचेपर्यंत कोणी सुरू केलेली नसावी. बॉनेटवर हात ठेवून ती गार असल्याची खात्री करा. सुरू होताना साखळीचा खडखडाट दोन सेकंदांहून जास्त ऐकू आला, किंवा मागून निळा धूर आला, तर तिथेच थांबा. पहिली दहा-पंधरा मिनिटे सावकाश चालवा. चालकासमोरच्या पडद्यावर तेलाचे तापमान दिसते. ते 80 च्या वर गेल्याशिवाय जोर लावू नका आणि मालक स्वतः चालवून दाखवत असेल तर तो थांबतो का ते पाहा. थंड इंजिनावर पहिल्याच वळणाला ‘बघा कशी पळते’ म्हणून पाय दाबणारा मालक साडेसात वर्षे हेच करत आला असणार. मला तर फाइलमधल्या निम्म्या कागदांपेक्षा ही एक गोष्ट जास्त विश्वासार्ह वाटते.

पैशांचा हिशेब असा मांडा. दोन गाड्यांतला साडेतीन लाखांचा फरक म्हणजे सांगलीची गाडी घेतल्यावर तुमच्या हाती उरलेली रक्कम. त्यातले दीड लाख पहिल्या वर्षाच्या कामांसाठी बाजूला ठेवा: टायर, ब्रेक, सगळी तेले आणि स्कॅनमध्ये निघालेले किरकोळ काही. एवढे करूनही गाडी तुम्हाला दोन लाखांनी स्वस्त पडते आणि तिचा इतिहास तुम्हाला ठाऊक असतो. मुंबईच्या डीलरने कंपनीच्या यंत्रणेतील नोंद आणून दिली, तीत दर वर्षीची सर्व्हिस आणि सावकाश वाढत गेलेले रीडिंग दिसले आणि स्कॅनही स्वच्छ निघाला, तर मात्र माझे मत बदलेल. अशी गाडी दुर्मीळ असते आणि तिला थोडी जास्त किंमत देणे योग्यच आहे. तरीही साडेतीन लाख नव्हे. त्याच्या निम्म्याच्या वर मी जाणार नाही, कारण जुने टायर, वाळलेली सील आणि उभ्या गाडीचे बाकीचे आजार तिच्यातही तुम्हालाच निस्तरायचे आहेत.

टोकन स्कॅन झाल्यावरच द्या, त्याआधी नाही. कोणतीही गाडी घेतली तरी विक्रीच्या करारात चासिस नंबर, त्या दिवशीचे मीटर रीडिंग आणि ‘हे रीडिंग माझ्या माहितीप्रमाणे खरे असून मीटरमध्ये फेरफार झालेला नाही’ हे वाक्य विक्रेत्याच्या सहीने लिहून घ्या. डीलरकडून घेताना हे वाक्य जास्त उपयोगी पडते, कारण फसवणूक उघड झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते आणि त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते. खासगी मालकाविरुद्ध तो मार्ग सहसा खुला नसतो. तिथे दिवाणी दावा किंवा फसवणुकीची फौजदारी तक्रार एवढेच उरते आणि दोन्हींत पुराव्यासाठी हाच कागद लागतो. मालकी हस्तांतराच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या, बोजा असल्यास तो उतरवण्याचा बँकेचा फॉर्म 35 आणि विम्याचे हस्तांतर ही कामे रक्कम पूर्ण देण्याच्या दिवशीच उरकून घ्या. त्याच दिवशी विक्रेत्यासमोर मीटरचा फोटो काढून तो त्याला व्हॉट्सॲपवर पाठवा आणि त्याच्याकडून ‘बरोबर आहे’ एवढे उत्तर मागून घ्या.